उणे बावीस आणि अकरा पेनं

"आकाशात हिरवा प्रकाश सलग किमान दहा मिनिटं दिसला पाहिजे. निदान एका माणसाने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत बघून लिहून काढला पाहिजे. नाहीतर ट्रिप फेल," मिलिंद सरपोतदार झूमवर म्हणाला.

"साहेब, नॉर्दर्न लाइट्स आहेत ते. माझ्या घरची ट्यूब नाही."

"मग रिस्क असेसमेंटमध्ये लिहा तसं."

२०२१ चा फेब्रुवारी होता. आयर्लंड बंद होतं. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायची बंदी, आणि माझा धंदा लोकांना ग्रीनलँड, स्वालबार्ड आणि नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला पाठवायचा. जिथे हॉटेलं संपतात तिथे माझं काम सुरू होतं. कुत्र्यांच्या गाड्या, लाकडी केबिन, गाइड, कपडे, सगळं मी जमवतो. डब्लिनजवळ डून लेरीत एका बेकरीच्या वर माझं ऑफिस आहे. वर्षभर त्या ऑफिसातून एकही ट्रिप निघाली नव्हती.

सरपोतदारचा ग्रुप बारा जणांचा. स्लायगोजवळच्या एका औषधांच्या प्लँटमधली सगळी मराठी मंडळी, आणि तो त्यांचा म्होरक्या. नोव्हेंबरअखेर नॉर्वेतल्या फिनमार्कला जायचं होतं. तोवर विमानं सुरू होतील असा सगळ्यांचा अंदाज होता. प्लँटच्या सोशल क्लबने त्याला सांगून ठेवलं होतं की ही ट्रिप नीट झाली तर पुढची तीन वर्षं क्लबच्या सगळ्या ट्रिप्स मलाच द्यायच्या. मला ते हवं होतं. त्याशिवाय ऑफिस उघडं राहणार नव्हतं आणि मला परत हॉटेलच्या किचनमध्ये उभं राहावं लागणार होतं. मी या देशात आलो तो तिथेच, भांडी घासायला.

सरपोतदार व्हॅलिडेशनमध्ये मॅनेजर. हे काम काय, ते मलाही तेव्हाच कळलं. औषधाच्या कारखान्यात नवीन मशीन आलं की ते चालतं असं कोणी तोंडी सांगून भागत नाही. तीन पायऱ्यांत सिद्ध करावं लागतं. आधी, मशीन बरोबर बसवलंय का. मग, ते चालतं का. शेवटी, खऱ्या कामात ते अपेक्षित माल देतं का. प्रत्येक पायरीला कागद, कागदावर सही. या कागदाला प्रोटोकॉल म्हणतात. ठरल्यापेक्षा काहीही वेगळं घडलं की त्याला डेव्हिएशन म्हणतात आणि त्याची चौकशी होते. सरपोतदारने माझी ट्रिप मशीन धरली होती.

मी चिडलो तो मात्र वेगळ्या कारणाने. प्रोटोकॉलला जोडायला त्याने माझा बायोडेटा मागितला. शिक्षणाच्या रकान्यात मी खरं लिहिलं. बारावी नापास, उत्तरेकडचा चौदा वर्षांचा अनुभव. परत आलेल्या कागदावर माझं नावच नव्हतं. शेहेचाळीस पानं मी नुसता 'व्हेंडर' होतो. हीच माणसं आयरिश एजंटने सांगितलेला भाव निमूट भरतात, वर थँक्स अ मिलियन म्हणतात. माझ्याकडे आली की कोथिंबीर फुकट मागितल्यासारखं बोलतात. हा राग मी अजून सोडलेला नाही.

पण रागाच्या भरात मी सौदा सोडत नाही. त्याने कलम घातलं की ट्रिप फेल झाली तर बाराही जणांना व्हेंडर स्वतःच्या खर्चाने परत नेईल. मी म्हटलं, "ठीक. पण पास झाली तर तीन वर्षांचं लेखी पत्र तिथल्या तिथे. आणि पास की फेल ते तुम्ही ठरवायचं नाही."

"मग कोण ठरवणार?"

"तुमच्या प्लँटमध्ये कोण ठरवतं?"

"क्यूए. क्वालिटीवाले. ते स्वतः काही करत नाहीत, आम्ही करतो त्यावर नजर ठेवतात आणि सही करतात."

"तुमच्या ग्रुपमध्ये आहे कोणी क्यूए?"

झूमच्या चौकटीत मागून एक बाई चहाचा कप घेऊन गेल्या. "मी आहे," त्या म्हणाल्या. सरपोतदारची बायको, अपर्णाताई.

"अगं, कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट होईल."

"तुझ्याशी माझा इंटरेस्ट कधीच सारखा नसतो, मिलिंद. भाऊ, लिहा माझं नाव."

पहिली पायरी सुरू झाली. केबिन मोजल्या, गाड्या मोजल्या, मग सरपोतदारने कुत्र्यांचे सिरियल नंबर मागितले. मी तिथल्या गाइडला, ऑडूनला, ईमेल केली. तो कुत्र्यांच्या गाड्या हाकतो आणि माणसांशी फारसं बोलत नाही. त्याने उत्तरादाखल एका कुत्र्याचा फोटो पाठवला. त्याखाली काही लिहिलेलं नव्हतं. शेवटी मीच बेचाळीस कुत्र्यांना एक ते बेचाळीस नंबर दिले. मे महिन्यात नऊ नंबरचा कुत्रा म्हातारा झाला म्हणून गाडीतून काढला, तर त्याच्या जागी आलेल्या कुत्रीसाठी तीन पानी फॉर्म भरावा लागला. 'बदलाचे कारण' या रकान्यात मी 'वय' लिहिलं. परत आलं, पुरावा जोडा म्हणून. मी ऑडूनचा तोच फोटो जोडला. पास झालं.

त्याआधी मार्चमध्ये दुसरी पायरी पार पडली होती. उणे तीसचा सूट चालतो का, हे व्हेंडरने घालून दाखवायचं होतं. पाच किलोमीटरच्या आतला लांब आणि मोकळा रस्ता म्हणजे डून लेरीचा धक्का. तो मी जाड टोपी, दोन जोड हातमोजे, गुडघ्यापर्यंत बूट आणि काखेत थर्मामीटर अशा थाटात चाललो. हवा अधिक अकरा. आजूबाजूला लोक टी-शर्टमध्ये आइस्क्रीम खात होते. एका गार्डाने, म्हणजे इथल्या पोलिसाने, मला थांबवलं.

"काय चाललंय?"

"उणे तीसची टेस्ट."

"आज अकरा आहे."

"म्हणून तर घाम येतोय."

त्याने माझ्याकडे, मग थर्मामीटरच्या वायरकडे बघितलं. "घर किती लांब?"

"दीड किलोमीटर."

"मग ग्रँड, हरकत नाही. चालत राहा, उभे राहू नका."

मी सरपोतदारला फोन लावून चांगलाच ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "पोलिसाने थांबवल्याने टेस्टमध्ये चार मिनिटांचा खंड पडला. डेव्हिएशन लिहा."

नोव्हेंबरअखेर आम्ही लशीची सर्टिफिकेटं दाखवत फिनमार्कला पोचलो. आता तिसरी पायरी, खरी. पहिले दोन दिवस ढग. तिसरा दिवस शेवटचा. तिथे त्या दिवसांत दुपारी दोनलाच अंधारायला लागतं. साडेचारला आकाश स्वच्छ झालं, पारा उणे बावीसवर गेला. सरपोतदारने स्वतःसकट अकरा जणांना गोठलेल्या तळ्यावर एका रेषेत उभं केलं. प्रत्येकाच्या हातात क्लिपबोर्ड, कपाळावर लाल दिवा आणि प्लँटमधून आणलेलं निळ्या शाईचं बॉलपेन. अकराही पेनं एकाच बॉक्समधली. अपर्णाताई बाजूला, हात खिशात.

चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी ऑडून म्हणाला, "वर बघा."

उत्तरेकडून एक हिरवा पट्टा उठला. सगळ्यांनी "अरे!" केलं आणि लगेच खाली बघितलं, वेळ टाकायला. एकही पेन उठेना. शाई गोठली होती.

"घासा! कडेला घासा!" सरपोतदार ओरडला.

कोणी पेन काखेत घातलं, कोणी तोंडात. एकाच्या ओठाला पेनाची धातूची क्लिप चिकटली आणि त्याचं ओरडणंही नीट ऐकू येईना. ऑडूनने खिशातून पेन्सिल काढून पुढे केली.

"पेन्सिल नाही चालत!" सरपोतदार म्हणाला. "पेन्सिलने लिहिलेलं खोडता येतं. आमच्याकडे प्लँटमध्ये पेन्सिल दिसली तरी ऑडिटर फायंडिंग लावतात, दोष म्हणून."

"अहो, इथे कोण येतंय खोडायला? लिहा त्याने!" मी म्हणालो.

"व्हेंडरने एक्झिक्युशनमध्ये, म्हणजे टेस्ट चालू असताना, बोलायचं नाही. पान सतरा."

"खड्ड्यात गेलं पान सतरा! पेनं कोणी आणली? तुम्ही! सूटसाठी मला अकराच्या हवेत घाम गाळायला लावलात. तुमच्या पेनांची टेस्ट केली का कोणी उणे बावीसला?"

ऑडून आणखी दोनदा "वर बघा" म्हणाला. कुत्री भुंकायला लागली. आमचं भांडण पान सतरावरून पान एकतीसवर गेलं. मी मान वर केली तेव्हा आकाशात नुसते तारे होते.

केबिनमध्ये पेनं स्टोव्हवर धरल्यावर लगेच चालू लागली. त्याचा जास्तच राग आला. सरपोतदार टेबलाशी बसला आणि मोठ्याने म्हणत लिहायला लागला, "निरीक्षण नोंदलेलं नाही. जे लिहिलं नाही ते घडलं नाही. निकाल, फेल."

मला हॉटेलच्या किचनमधला वाफाळता सिंक डोळ्यासमोर दिसला. मी म्हणालो, "निकाल तुम्ही लिहायचा नाही. ठरलंय आपलं."

सगळे अपर्णाताईंकडे वळले. त्या मोजे वाळत घालत होत्या.

"किती जणांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं?" त्यांनी विचारलं.

अकरा जण पेनांत होते, मी भांडणात.

"मी बघितलं," त्या म्हणाल्या. "मी क्यूए आहे. मला काही करायचं नव्हतं, म्हणून मी नुसती बघत होते. चार एकेचाळीस ते चार बावन्न. आधी पट्टा, मग पडद्यासारखं हललं, मधे कडेने गुलाबी झालं. इतकं सुंदर मी काही पाहिलेलं नाही, आणि खाली तुम्ही बारा जण पेनं चोखत भांडत होतात. पेन दे इकडे."

"अगं, आता लिहून कसं चालेल? उशिराची नोंद होईल ती!"

"उशिराची नोंद, कारण लिहून, सही आणि वेळ घालून चालते. एसओपीत, आपल्या नियमावलीत, तूच लिहिलंयस, मिलिंद."

"पण तू स्वतःच बघणार आणि स्वतःच पास करणार?"

"बघितलं मी. सोबत ऑडूनची सही घेते. तो तर तीनदा सांगत होता. आणि डेव्हिएशनचं मूळ कारण लिही. क्लायंटने आणलेली पेनं त्या तापमानाला तपासलेली नव्हती. व्हेंडरचा दोष नाही."

ऑडूनने कागद वाचला नाही. सही केली आणि कुत्र्यांना खायला घालायला गेला. अकरा मिनिटं, म्हणजे हवी त्यापेक्षा एक जास्त. सरपोतदारने तीन वर्षांचं पत्र तिथेच लिहून दिलं. मी एवढंच म्हणालो, "पत्रावर माझं नाव पूर्ण लिहा." त्याने लिहिलं. स्पेलिंग चुकलं, ते त्याच्याकडून खोडून, बाजूला सही घालून दुरुस्त करून घेतलं.

डब्लिनला परतल्यावर विमानतळावर तो आपण होऊन जवळ आला. मला वाटलं, आता सॉरी म्हणेल. तो म्हणाला, "शिंदे, खरं सांगा. गुलाबी कुठल्या बाजूने झालं होतं?"

मला माहीत नव्हतं. मीही बघितलं नव्हतं.

या धंद्यात मी एवढंच शिकलो की थंडी, ढग, कुत्री, विमानं, या सगळ्यांचा बंदोबस्त करता येतो, बघणाऱ्याचा नाही. तेव्हापासून बुकिंग घेताना मी आधी एक प्रश्न विचारतो. तुमच्यातलं नुसतं बघायला कोण येणार आहे? निदान एक नाव मिळाल्याशिवाय मी पुढे बोलत नाही. आजवर एकाच ग्रुपला परत पाठवलं. ते सगळे ऑडिटर होते, त्यांना आकाशाआधी कागद बघायचे होते.