आखाजीची बॅटरी

होळी होऊन थोडेच दिवस झाले होते. सकाळी भाच्याचा फोन आला, तेव्हा मी यांना चहा देत होते. "आत्या, तू लगेच ये..." एवढंच तो बोलला आणि रडायला लागला. माझा मोठा भाऊ हिरालाल पपईच्या बागेत ठिबकच्या नळ्या बघायला गेला होता. बांधावर जरा टेकतो म्हणाला आणि बसला तो बसलाच. नंदुरबारहून ब्राह्मणपुरीला पोचेपर्यंत अंगणात माणसं मावत नव्हती. मला रडूसुद्धा आलं नाही. ते पुढे आखाजीला आलं, आणि अजून थांबत नाही.

आमच्या खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकीबाळींनी माहेरी यायचा सण. झोके, गौराईची गाणी, आमरस. आई-वडील गेल्यावर माझं माहेर म्हणजे भाऊच. आमचं घर गावाबाहेर, मळ्यात. मी नंदुरबारला शिक्षिका; शाळा सुटल्यावर शहाद्याला येऊन तिथून मी संध्याकाळची बस धरायची, ती पोचेपर्यंत अंधारून यायचं. भाऊ थांब्यावर उभा असायचा, हातात आप्पांची, म्हणजे आमच्या वडिलांची, तीन सेलची स्टीलची बॅटरी. ती वर्षातून एकदा, माझ्यासाठीच निघायची. शेतात पाणी द्यायला त्याच्याकडे चार्जिंगचे दिवे होते, खिशात मोबाईल होता. मी चिडवायचे, "भाऊ, हाई संग्रहालयमां दी टाक." तो शांतपणे म्हणायचा, "मोबाईलना उजेड पायपुरता शे. हाऊ लांबथून दिसस. बसमां बठेल ऱ्हाशी तवयच तुले समजाले पाह्यजे, भाऊ उभा शे." पुढे मोटारसायकल आली. तिचा दिवा चांगला लख्ख, तरी मागे बसून ती बॅटरी मीच रस्त्यावर धरायची, असा त्याचा हट्ट.

आखाजी संपून मी निघाले की त्याचा दुसरा उद्योग सुरू. बॅटरीचं मागचं झाकण फिरवून सेल काढायचे, कोरड्या फडक्याने स्प्रिंग पुसायची, सेल वेगळ्या कपड्यात गुंडाळायचे आणि दोन्ही गोष्टी पत्र्याच्या पेटीत, गोधड्यांवर, ओल लागणार नाही अशा जागी ठेवायच्या. यात कुणी ढवळाढवळ केलेली त्याला चालत नसे. कारण आप्पा गेले त्या वर्षी ती बॅटरी तशीच खुंटीला राहिली होती. कुणाचं लक्ष असणार? वर्षाने उघडली तर सेल फुटून आत पांढरं-हिरवं साचलेलं. भाऊने दोन दिवस लिंबाची फोड घासून, काडीला चिंधी बांधून ती साफ केली. पेटली तेव्हा आप्पा परत आल्यासारखं तोंड झालं होतं त्याचं. तेव्हापासून त्याचा कायदा एकच, "सेल आत ऱ्हाई गयात का ते बॅटरीले खाई टाकतस."

गेल्या आखाजीला मी गेले नाही. सण चार दिवसांवर आला आणि यांचं ऑपरेशन निघालं. भाऊ आंबे आणि वहिनीच्या सांजोऱ्या घेऊन नंदुरबारला दवाखान्यात आला. यांच्या पायाशी बसून राहिला. निघताना हळूच विचारलं, "मंगल, मंग कवय येशी?" मी म्हटलं, "पाऊस सरना का येसु." पाऊस सरला, पण यांची तब्येत सरळ होईना. भाऊबिजेला तोच आला. तेव्हाही मी म्हटलं, थंडीत येते. तो हसून म्हणाला, "ये ना. घर तुन्हंच शे." ...आणि मी गेले ती अशी, तो गेल्यावर.

या आखाजीला मी सकाळच्या बसने गेले. संध्याकाळच्या बसने जायची छाती झाली नाही. खिडकीतून बघायचं आणि समोर नुसता अंधार, हे मला सोसलं नसतं. जेवणं झाल्यावर वहिनीने पेटी उघडलीच नाही. दाराआडच्या खुंटीवरून बॅटरी काढून माझ्या हातात दिली. हातात घेताच कळलं, जड आहे. झाकणाच्या फटीतून पांढरं फुटून बाहेर आलेलं.

"सेल आत शेतस?" मी विचारलं.

वहिनी खाली बघत म्हणाली, "गये आखाजीले टाकेल शेतस, तुमना करता. मी कितला दाव सांगं, काढी ठेवा. ते म्हनेत, ती आते कवयबी यी. बस उनी आनि मी सेल धुंडत बसू का?"

पूर्ण वर्षभर. पावसाळ्याच्या ओलीत, थंडीत. एक दिवस बॅटरी तशी ठेवू न देणारा माझा भाऊ... मी तिथेच, वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

बॅटरी मी नंदुरबारला आणली. बटण दाबलं, उजेड नाही. झाकण फिरत नाही, सेल आत चिकटून बसलेत. परवा यांनी पकड आणली आणि अर्धं लिंबू कापून समोर ठेवलं. म्हणाले, बघू, निघतील.

मी बॅटरी उचलून पदरात घेतली. म्हटलं, "राहू द्या. भाऊने ठेवलेत ते."