मागची चाकं मोठी

माझी वहिनी हळू बोलत नाही आणि गाडीही हळू चालवत नाही. तिच्यासमोर आवाज चढवायची न्हावऱ्यातल्या आमच्या घरात कुणाची टाप नाही, थोरल्या भावाचीही नाही. तो फक्त तिच्या माघारी निर्णय घेतो. गेल्या हिवाळ्यात त्याने असाच एक निर्णय घेतला: जुनी जीप रविवारी दौंडच्या भंगारवाल्याला देऊन टाकायची.

त्या जीपवर वहिनीचं सगळं काम उभं होतं. पाटापलीकडच्या वस्तीवरचं दूध गोळा करून सकाळी डेअरीत पोचवायचं तिने अंगावर घेतलं होतं. पाट पाझरतो, म्हणून तो रस्ता कायम चिखलाचा, वर उसाच्या ट्रॉल्या त्याची आणखी वाट लावतात. टेम्पो तिथे हमखास रुततो. म्हणून तर दादाने चारी चाकं ओढणारी ही जीप स्वस्तात उचलली होती. आता ती गेली असती तर वस्तीही हातची गेली असती. गाई कुणासाठी थांबत नाहीत, आणि वस्तीवरच्या बायका "दुसरी गाडी बघू का?" असं विचारायला लागल्याच होत्या.

जीपचा आजार चमत्कारिक होता. चिखलात ती झकास चालायची. चिखल संपून कडक मुरूम लागला की जड व्हायची. पुढच्या चाकांना ताकद देणारा जो छोटा दांडा असतो, तो पुढे सरकायचा, पण परत मागे येईना. तशीच डांबरावर नेली की खालून गुरगुर, वळताना धाडधाड. एके सकाळी डेअरीच्या अलीकडे ती बसलीच. टँकर निघून गेला आणि भरलेले कॅन घरी परत आले.

शिरूरच्या मिस्त्रीने गाडीखाली पडून कान लावला. चारी चाकांना ताकद वाटणारा डबाच उघडावा लागेल, म्हणाला. आवाज डब्यातूनच येत होता, तेव्हा त्याचंही काही चुकलं नव्हतं. पण खर्च ऐकून दादाने भंगारवाल्याला फोन लावला. ही बातमी वहिनीला शेजारणीकडून कळली. त्या रात्रीचं जेवण आम्ही खाली मान घालून उरकलं.

शनिवारी दुपारी तिने मला खळ्यात बोलावलं.

"भावजी, एक सांगा. ही रिवर्स घेतली की जरा मोकळी होतीय, मंग दांडा मागं पडतोय. मोडलेली वस्तू उलटी फिरवली म्हणून दुरुस्त होती व्हय?"

मी म्हणालो, "नाही."

"मंग मोडलेलं काय न्हाई. कोन तरी कोनाला तरी वढतंय. चिखलात चाक घसरून सुटतंय, डांबरावर त्याला घसराया जागा न्हाई."

हे ती कॅन घासताना बोलली, आणि मी तिच्याकडे बघतच राहिलो. रोज त्या स्टिअरिंगशी झटापट करताना ही बाई नुसती शिव्या घालत नव्हती, गाडीचं बारकाईनं ऐकत होती.

तिने डबीतला चुना काढला. एका बाजूच्या पुढच्या आणि मागच्या चाकाला, बरोबर जमिनीला टेकतं तिथे, खुणा केल्या. दांडा सोडलेला होताच, कारण तिने आधी गाडी मागे घेऊन तो पाडला होता. मग तिने मला सरळ रेषेत गाडी ढकलायला लावली. सुरुवातीला दोन्ही खुणा बरोबरीने फिरल्या. ढकलून ढकलून माझी कंबर कामातून गेली, तोवर पुढची खूण खाली आली आणि मागची मात्र हातभर वरच राहिली. एका जुवाला एक उंच आणि एक ठेंगणा बैल जुंपावा तसं होतं ते.

मग तिने नवऱ्याला हाक मारली. "अहो, इकडं या. मागचे टायर कुनी बदलले?"

टायर दादाने बदलले होते, आणि तेही कौतुकाने. जन्म ट्रॅक्टरवर गेलेला माणूस. "ट्रॅक्टरला बघ की, मागची चाकं मोठी असली की वढ जास्त," असं म्हणून त्याने मागे एक माप मोठे टायर चढवले होते. ट्रॅक्टरच्या पोटात तो फरक गियर बनवतानाच सांभाळलेला असतो. जीपला बिचारीला चारी चाकं सारखीच लागतात, नाहीतर दांडा पुढे टाकला की पुढची-मागची एकमेकांना ओढत बसतात. दादाने खुणा पाहिल्या, खाली बसून परत पाहिल्या आणि गोठ्यावर चढला. मागचे मूळ टायर तिथे पत्र्यावर वजन म्हणून पडले होते. रात्रीपर्यंत त्याने ते परत जीपला बसवले.

रविवारी दौंडचे चाचा क्रेनची गाडी घेऊन आले. बापजाद्यांपासून भंगाराचा धंदा, नजर पक्की. वहिनीने त्यांना चहासुद्धा दिला नाही, थेट जीपमध्ये बसवलं, गाडी पाटावरून चिखलात घातली आणि डांबरावर आणून दांडा दोन बोटांनी पाडून दाखवला. गुरगुर थोडी राहिली होती, पण वळताना गाडी कुठे अडली नाही.

चाचा उतरून हसले. "दादा, ह्यात भंगार कुठं हाय? उगं हेलपाटा दिला मला."

दादाने ते मोठे टायर एकेक करून स्वतः लोटत आणले आणि त्यांच्या गाडीत चढवले. "हे न्या," म्हणाला.

"आन् जीप? पुढं-मागं इकायची झाली तर सांगा मला."

"मला काय इचारता?" दादा हात झटकत म्हणाला. "हिला इचारा. गाडी हिची हाय."

असा माझा भाऊ चारचौघांत कधी बोलत नाही. मला त्याचा फार अभिमान वाटला, आणि वहिनीचा तर कालपासूनच वाटत होता. आता ती काहीतरी सणसणीत ऐकवणार म्हणून मी वाट पाहत राहिलो. तिने जीपची किल्ली काढून कमरेला खोचली, डोळ्यांना पदर लावला आणि चाचांना म्हणाली, "बसा, चहा टाकते."