मूळ प्रतीत राहिलं

रफिक सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होते. फोन ठेवला, हातातला पेपर पुरा केला, एका ऱ्हस्व-दीर्घासाठी अर्धा गुणही कापला... मग मात्र पुढचा पेपर ओढवेना. त्याला आता सहा आठवडे झाले. साक्रीच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवते, सर जीवशास्त्र शिकवायचे. हल्ली सकाळी शाळेची पायरी चढतानाच दमायला होतं.

सर पारोळ्याचे, शिंप्याच्या घरातले. वर्गातल्या लोखंडी कपाटाकडे बोट करून ते पेशी शिकवत. कपाटातलं निकालपत्रक म्हणजे डीएनए, ते जागा सोडत नाही. त्यावरून उतरवलेलं प्रगतिपुस्तक म्हणजे आरएनए, ते बाहेर जातं, आणि पुढचं सगळं त्या नकलेवर चालतं. रायबोसोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो, दर तिनाला एक अमिनो आम्ल ओवतो. माळ पुरी झाली की प्रथिन तयार. मी चिडवायचे, "तुमच्या पेशीत शुद्धलेखन तपासायला कोणी असतं का?" सर म्हणायचे, "असतं ना बाई, तुमच्यासारखंच खडूस. तरी एखादं सुटतं."

यमुना माझ्या वर्गात होती, डोंगराकडच्या गावातली. सारखी गैरहजर, आली तरी बाकावर डोकं टेकून बसायची. सहामाहीच्या शेऱ्यात मी लिहिलं, आळशी. दिवाळीनंतर ती आलीच नाही. बापाने शेरा कोणाकडून तरी वाचून घेतला आणि शाळा बंद करून तिला कापूस वेचायला धाडलं. सर अस्वस्थ झाले. तिचे सुजलेले सांधे त्यांनी पाहिले होते, मी नव्हते पाहिले. "एका शब्दाने काय होतं, सर?" असं मी म्हणाले. अर्ध्या गुणासाठी पोरं रडवणारी मी.

सर रागावले नाहीत. "हिमोग्लोबिनच्या मजकुरात एक अक्षर बदललं की माळेतला एक मणी बदलतो. तेवढ्याने तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते, जीव जाईल असं दुखतं. पोरीला तेच असेल तर?" त्यांनीच मागे लागून तिचं रक्त तपासून घेतलं. तेच निघालं, सिकलसेल.

मग आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. सर ओट्यावर बसून तिच्या आईशी अहिराणीत बोलले. "तुनी पोर आळशी नही शे, माय. तिना रगतमा एक अक्षर चुकेल शे."

"कोन चुकनं?" आईने विचारलं.

"कोनीच नही, माय."

मी खाली मान घालून प्रगतिपुस्तक मागितलं आणि तो शब्द खोडला. औषधं सुरू झाली, यमुना शाळेत परतली. यंदा ती दहावीला आहे. सरांचं नाव निघालं की वर्गाबाहेर जाते.

गेल्या आठवड्यात कपाट आवरायला घेतलं. दोन वर्षांपूर्वीच्या निकालपत्रकात तिच्या नावापुढे माझ्या अक्षरात तसंच होतं, आळशी. मी नक्कल तेवढी सुधारली होती. शेजारी समासात शिसपेन्सिलीने, सरांच्या बारीक अक्षरात : "बाई, मूळ प्रतीत राहिलं."

दोन वर्षं रोज समोर बसून चहा प्यायलो, पण सर एका शब्दाने बोलले नाहीत. स्वतः खोडलंही नाही; ते मीच करायचं होतं... शब्द खोडला, वर 'आजारी होती' लिहिलं, सही केली. माझ्या पेनाच्या टोपणामागे खोडरबर असतो. पेन्सिलीच्या त्या ओळीवर तो एकदा नेला आणि परत घेतला. ओळ तिथेच आहे.