भिंतीवरचं पान

ही गेली तेव्हा सिडनीत लॉकडाऊन होता. जाळायलासुद्धा मोजकीच माणसं. मी रडलो नाही, जेवण मात्र सोडलं. सूनबाई ताट ठेवायची, मी सरकवायचो.

"बाबा, असं किती दिवस?"

"मला भूक नाही. डोकं खाऊ नकोस."

दहाव्याला तिनं वरण-भात आणि हिच्या आवडीची भरली वांगी केली. आमच्या आणि शेजाऱ्याच्या अंगणात बुटकी विटांची भिंत आहे, तिच्यावर पान ठेवून मी बसलो. इथले कावळे तान्ह्या पोरासारखे रडतात. झाडावर रडत बसले, खाली एक येईना.

पाणी पिऊन आलो, तर शेजारचा म्हातारा बोटं चाटतोय! न्यूझीलंडचा माओरी, अंगानं हा थोराड.

"अरे मेल्या, कावळ्याचं होतं ते!"

सूनबाईनं धावत येऊन त्याला सगळं सांगितलं. तो ओशाळला. "सॉरी मेट. आमच्यात मयताच्या घरचं जेवण नाकारत नाहीत."

मग भिंतीपलीकडे बसून तो बोलत राहिला, सूनबाई मला मराठीत सांगत राहिली. त्याचा खापरपणजोबा गोरा खलाशी. देवमासे मारणाऱ्या जहाजानं त्याला आजारी म्हणून त्यांच्या किनाऱ्यावर टाकून दिलं. तेव्हा तिथं गोऱ्यांचं सरकार नव्हतं, गोरा जगायचा तो माओरींच्या मर्जीवर. त्यांनी त्याला बरं केलं, मुलगी दिली, बटाटे लावायला जमीन दिली. जहाजं आली की बटाट्यांच्या बदल्यात कुऱ्हाडी, घोंगड्या मागायला हा पुढे. मग जहाजांतूनच आलेल्या खोकल्यानं बायको गेली. आता आपलं इथं कोण, म्हणून त्यानं अन्न सोडलं. तिचे भाऊ येऊन समोर बसले. बोलले काही नाहीत, नुसते उपाशी बसले. शेवटी त्यांच्यासाठी तो जेवला.

"आणि पुढं?" मी विचारलं.

"पुढं धाकटी मेहुणी दिली. मी तिच्याच वंशातला. माझी पण एक बहीण आहे मेट, पण ती तुला झेपायची नाही."

मास्कमागं सूनबाई खुदकन हसली. मलाही हसू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तर भिंतीपलीकडे तो झाकलेलं ताट मांडीवर घेऊन बसलेला. झाकण काढीना. ऊन चढलं तरी काढीना.

"सूनबाई," मी हाक मारली, "ताट आण."

तिनं पुन्हा वांगीच केली होती. पहिला घास घेतला. "तिखट झालंय. ही गूळ घालायची," म्हणालो, आणि तिथंच रडू फुटलं.

त्यानं झाकण काढलं आणि खाली मान घालून जेवायला लागला.