झिलीची जागा

आबांचा आवाज जाणार असं सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि मी साताऱ्याला परत येऊन रेकॉर्डर शोधायला लागले. वडिलांपाशी बसायचं सोडून दुकानं धुंडाळणारी लेक कुणालाही विचित्रच वाटेल. पण मी कचेरीतली कारकून. हातात काही काम असल्याशिवाय मला दुःखसुद्धा करता येत नाही.

घशातल्या गाठीमुळे आबांचं स्वरयंत्रच काढायचं होतं. आम्ही आटपाडीकडचे धनगर. मेंढरं केव्हाच विकली, तरी जत्रेत ढोलावर ओव्या म्हणायला बोलावणं आबांनाच यायचं. बोलताना त्यांचा आवाज बसलेला असायचा, ओवीला मात्र अजून लागायचा. ऑपरेशनला बारा दिवस होते.

दुकानदार म्हणाला, ताई, मोबाइल आहे की. मोबाइलवर मी करून पाहिलं होतं. ढोल पडला की आवाज फाटायचा, आणि नंतर त्या काचेवर बोट फिरवून आबांना काही सापडायचं नाही. मला गाणं नीट धरणारं आणि मग त्यांच्या खिशात बसून त्यांना ऐकवणारं यंत्र हवं होतं. एक देखणं होतं, वाजायचंही सुरेख, पण त्याचा माइक बोलण्यापुरताच. दुसरं ओबडधोबड. त्याला वर दोन माइक होते, आवाजाची पातळी हाताने ठरवता यायची आणि बटणं न बघताही बोटांना कळायची. बारातले आठ दिवस मी या दोघांमध्ये घालवले. भाऊ फोनवर म्हणाला, नवरा बघतानासुद्धा एवढी चौकशी केली नव्हतीस. शेवटी दुसरं घेतलं.

सांगलीत विश्रामबागेला भावाच्या घरी आबा आले ते झील धरणाऱ्या दोघा जुन्या सोबत्यांना घेऊन. म्होरक्याने ओळ म्हणायची, मागच्यांनी ती उचलायची, अशी आमची ओवी चालते. पण त्या लहान खोलीत ढोल आणि त्या दोघांचे गळे यांच्याखाली आबांचा आवाज बुडत होता. मी दोघांना चहाला आत पाठवलं. ज्या ढोलासाठी एवढं पारखून यंत्र घेतलं, तोही भिंतीला टेकवून ठेवला. आबा यंत्राला भंडारा लावायला निघाले, तर माइकच्या भोकांत हळद जाईल म्हणून मी त्यांचा हात धरला.

आबा म्हणाले, "बाय, मागं कुणी न्हाई तर म्होरं कसं जायाचं गं?"

"आबा, तुमी म्हणा. मला तुमचा एकट्याचाच आवाज पायजे."

त्यांनी म्हटलं. प्रत्येक ओळीनंतर ते थांबत होते. मी कानाला हेडफोन लावून पातळीवर नजर ठेवली होती आणि हाताने त्यांना पुढे चला, पुढे चला अशी खूण करत होते. एवढा मूर्खपणा मी आयुष्यात दुसरा केला नसेल.

ऑपरेशन झालं. आबा घरी आले, गळ्याला भोक आणि हातात पाटी-पेन्सिल. एका दुपारी मी यंत्र त्यांच्या उशाशी ठेवून चालू केलं. पहिली ओळ आली, श्वासासकट स्वच्छ. त्यानंतर काहीच नाही. मग दुसरी ओळ, आणि पुन्हा तेवढीच रिकामी जागा. सोबत्यांसाठी ठेवलेली झिलीची जागा होती ती, आणि ती मीच रिकामी केली होती. सोबती गावाला परतले होते. बोलावले असते तरी आता म्होरक्या कुठला?

आबांनी बटण चाचपून यंत्र थांबवलं. मी माफी मागायला लागले, तर त्यांनी हातानेच गप्प केलं. पिशवीतला भंडारा काढून त्यांनी यंत्राला लावला. या वेळी मी अडवलं नाही. मग ओवी पुन्हा पहिल्यापासून लावली आणि माझ्याकडे बघून हनुवटी उचलली.

आमच्यात बायका झिलीला बसत नाहीत. लहानपणापासून मी सगळं ऐकलं ते रिंगणाच्या बाहेरून. शब्द न् शब्द पाठ होता, गळ्यातून कधी काढला नव्हता.

ओढ्याकाठी मेंढरं अडल्याची ओळ संपली. यंत्रातले आबा थांबले. खाटेवरच्या आबांची बोटं लाकडावर ठेका धरून माझी वाट बघत होती. मी फाटक्या आवाजात ओळ उचलली, आणि आबा पुढे गेले.