जावयाचा ब्लॉक

सुभानराव जगतापांना एका जागी बसणं कधीच जमलं नाही, पण त्या आठवड्यात त्यांनी कहर केला. भाताचा घास घेऊन उठायचे, ओट्यापर्यंत जायचे, परत येऊन बसायचे. "पायाला भिंगरी लागलीय की काय?" जिजाबाईंनी विचारलं. उत्तर द्यायला सुभानराव पाटावर होते कुठे!

बडोद्यात तरसालीच्या रस्त्यावर त्यांचं बोअरिंगचं वर्कशॉप होतं. इंजिनाचा सिलेंडर झिजला की तो आतून कातायचा आणि जरा मोठा पिस्टन बसवायचा. कातायला जागाच उरली नसेल तर आत बिडाची नवी नळी, म्हणजे स्लीव्ह, ठोकून द्यायची. आजोबा गायकवाडी रिसाल्यात होते. त्यांनी घोडे सांभाळले आणि नातवाच्या वाट्याला हॉर्सपॉवर आली, असं सुभानराव स्वतःच हसून सांगत. त्या आठवड्यात मात्र हसणं बंद होतं.

कारण जावई. धोंड्याचा महिना चालू होता, आणि धोंड्याच्या महिन्यात लेक-जावई म्हणजे साक्षात लक्ष्मीनारायण. जयवंतरावांना रीतसर जेवायला बोलावलं. अनारसे झाले, संच्यातलं आंब्याचं आइस्क्रीम झालं. वाणात काय हवं असं विचारल्यावर जयवंतराव म्हणाले, "मामा, चांदीचं ताट-बीट नको. माझ्या जीपच्या इंजिनाचा ब्लॉक बोअर करून द्या. मोठे पिस्टन टाकू. पावागडचा चढ माणसं भरून दुसऱ्या गिअरमध्ये मारायचाय."

"तो ब्लॉक आधी दोनदा कातलाय, जयवंतराव. स्लीव्ह टाकू. मजबूत होईल."

"मजबूत होईल, पण जोर होता तेवढाच राहणार ने?"

सुभानराव पुढे बोलणार तोच जिजाबाईंनी त्यांना स्वयंपाकघरात ओढलं. "जेवल्या ताटावर बसलेल्या जावयाला नाही म्हणतात का कुणी? तेही अधिक महिन्यात?"

झालं. जावयाचा मान राहिला आणि ब्लॉक मशीनवर चढला. तिसऱ्या सिलेंडरला हत्याराचा आवाज बदलला. पातळ भिंत कातताना हत्यार वेगळं वाजतं, आणि तो आवाज सुभानरावांचा कान झोपेतही ओळखेल. भिंतीच्या मागे पाणी फिरतं. चढावर इंजिन तापलं की भिंत तडकणार, पाणी आत शिरणार, आणि भरलेली जीप घाटाच्या वळणावर जाम होणार. हे सगळं कळत असूनही त्यांनी मशीन थांबवलं नाही. इंजिन जोडून जयवंतराव शिटी वाजवत गाडी घेऊन गेले, आणि सुभानरावांच्या पायाला भिंगरी लागली.

सोमवारी मंदाकिनी माहेरी आली ती नाचतच. "बाबा, उद्या पहिली फेरी घरच्यांची! सासूबाई, मामंजी, सगळे पावागडला महाकालीच्या दर्शनाला. मी पुढे बसणार." सुभानरावांनी बशीतला चहा अंगावर सांडला आणि कशाने सांडला हे सांगितलं नाही.

मंगळवारी सकाळी त्यांनी स्कूटर काढली आणि थेट अकोट्याला जावयाचं घर गाठलं. जीप दारातच उभी होती, बॉनेटवर झेंडूची माळ. व्याही विश्वासराव डब्याची पिशवी मांडीवर घेऊन मागे बसले होते. मंदाकिनी पुढे, नव्या साडीत. सुभानरावांनी कुणाशी राम राम केला नाही. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, बॉनेट उचललं, डिस्ट्रिब्यूटर उघडून त्यातला रोटर काढला, ज्याच्याविना इंजिनात ठिणगीच पडत नाही, आणि खिशात टाकला.

"गाडी जाणार नाही."

"मामा, आखी सोसायटी बघतेय!" जयवंतरावांचा चेहरा पडला.

"व्याही, धोंड्याच्या महिन्यात जावयाची वाट अडवता?" विश्वासरावांनी विचारलं.

"अडवतो," सुभानराव म्हणाले. जावयाचा मान राखायला आता काही उरलं नव्हतं, आणि त्याचं त्यांना भयंकर वाईट वाटत होतं.

जीप दोरी बांधून तरसालीला आणली. जयवंतराव सोबत आले ते तोंड फिरवून. इंजिन खोललं, ब्लॉकच्या पाण्याच्या वाटा बंद केल्या, आत पाणी भरलं आणि सुभानराव हातपंपाने दाब द्यायला लागले. कोरडे पुसलेले सिलेंडर कोरडेच राहिले. "बघा, काही नाही," जयवंतराव म्हणाले. सुभानरावांनी आणखी दाब दिला. भिंत धरावी असंही त्यांना वाटत होतं आणि फुटावी असंही. मग तिसऱ्या सिलेंडरच्या आत, मधोमध, एक थेंब उगवला. जयवंतरावांनी तो बोटाने पुसला. तो पुन्हा आला.

सुभानरावांनी पंपाचा दांडा सोडला.

"मामा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग दिलात कसा करून?"

"तुम्ही जावई ना."

"अन् मंदा कोण तुमची?"

सुभानराव खाली बसले आणि कधी नव्हे ते बसूनच राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसे जयवंतराव घाबरले आणि त्यांनीच मशीनवर ब्लॉक चढवायला हात लावला.

स्लीव्हसाठी सिलेंडर कातून झाले. आता स्लीव्ह गार करून आकसवायची आणि तापवलेल्या ब्लॉकमध्ये एका दमात सोडायची. मध्ये अडकली तर तोडूनच काढावी लागते. बर्फ आणि मीठ भरलेला आइस्क्रीमचा संचा जिजाबाईंनी स्वतः आणून दिला. एरवी त्याला हात लावला तर त्या घर डोक्यावर घेत. आज म्हणाल्या, "मीठ कमी पडलं तर सांगा," आणि पदर डोळ्यांना लावून दारातच उभ्या राहिल्या. सुभानरावांनी स्लीव्ह सरळ धरली, जयवंतरावांनी वरून हात दिला, आणि ती सरकत तळाला जाऊन टेकली. मग दुसरी, तिसरी, चौथी. सगळ्या कातून मूळ मापाला आणल्या. घोडे काही वाढले नाहीत.

धोंडा संपायच्या आत जीप पुन्हा निघाली. मंदाकिनी पुढे बसायला लागली तशी जयवंतरावांनी तिला मागे पाठवलं. "मामा, तुम्ही पुढे या."

चढ लागला. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कुरकुरली, जयवंतरावांनी मुकाट्याने पहिला टाकला. मागून विश्वासराव म्हणाले, "आमची बैलगाडी यापेक्षा जोरात जायची हो!" सुभानराव प्रत्येक वळणाला कान टवकारत होते, पाय पुढच्या पत्र्याला घट्ट रोवून. इंजिन एकसुरात, धिम्या चालीने चढत राहिलं.

माचीला, गाडीची वाट संपते तिथे, सगळे उतरले. विश्वासरावांनी डब्याची पिशवी घेतली, जयवंतराव नारळ घ्यायला गेले. सुभानराव तसेच जागेवर.

"बाबा, उतरायचं नाही का?" मंदाकिनीने खिडकीशी येऊन विचारलं.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिचा हात क्षणभर हातात धरला.

"बसू दे गं जरा," ते म्हणाले.