ओले दाणे

आमच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ कुणाला "या" म्हणत नाहीत, "दाणे वाळवलेत?" असं विचारतात. उसाच्या चिपाडाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेलं, मातीत कुजणारं, दाण्यांच्या रूपातलं प्लास्टिक वितळल्यावर कसं वाहतं, हे मी त्यांच्या यंत्रावर मोजते. परवा मी घाईत "हो" म्हणून मोकळी झाले.

कण मिसळल्यावर घट्ट व्हायला हवं ते प्लास्टिक पाण्यासारखं वाहिलं. माझे सर खूश झाले. तंत्रज्ञांनी यंत्रच बंद केलं.

"अहो, छान वाहतंय की!" सर म्हणाले.

"ओल राहिलीय. मातीत कुजायचं ते इथंच कुजतंय."

"दाणे कुणी वाळवले होते?"

एरवी दशांशही न सोडणारे तंत्रज्ञ शांतपणे म्हणाले, "हवा दमट आहे."

सर गेल्यावर माझ्यापुढे चहा ठेवत त्यांनी विचारलं, "हा ओला चालेल ना, मॅडम?"